पलीकडची रो

पोर्ट अँजेलिस
१४ एप्रिल

श्रीमती रोवेना पास्क यांना,

काल सकाळी तुमचा फोन आला तो मी उचलला होता. "अरे मर्ल, पाणी काय सुंदर झालंय, कधी येतोयस?" असं म्हणून तुम्ही हसलात. कोण बोलतंय विचारलं तर म्हणालात, "मी रो." मग फोन बंद झाला. लाइन तुटली नव्हती, मी ठेवला. मुद्दाम सांगतेय, नाहीतर तुम्ही पुन्हा लावाल.

मी आर्डिस टॉलेफसन. मर्लची बायको. तुमचा पत्ता माशांच्या खोक्यावर होता. दरवर्षी तुमच्याकडून पांढऱ्या कागदात बांधलेला हॅलिबट याच खोक्यातून येतो आणि मी तो लोण्यात परतून खाते. चवीला उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही.

रो ही बाई असेल असं अकरा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. तुम्ही म्हणाल, कशी काय ही बाई. पण मर्ल शब्दांच्या बाबतीत किती कंजूष आहे ते तुम्हाला माहीत असेलच. "कुणाबरोबर जातोस?" "रोबरोबर." "बोट कुणाची?" "रोची." यात बाई की बुवा हे कुठून कळायचं? आमच्या बाजूला हॅलिबट पकडायचे दिवस बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही वारा सुटलेला असतो. म्हणून आमच्याकडचे पुष्कळ जण परवाना काढून सामुद्रधुनीपलीकडे तुमच्या देशाच्या पाण्यात जातात. त्यात संशय घेण्यासारखं काय होतं? मी आपला एक म्हातारा डोळ्यांपुढे उभा केला होता. पांढरी दाढी, विटलेला स्वेटर, डब्यातलं गार खाणारा, बिचारा. दर हिवाळ्याआधी मी त्या म्हाताऱ्याला ब्लॅकबेरीच्या जॅमच्या बाटल्या पाठवल्या. एका वर्षी निळी लोकरीची टोपी विणली. जरा मोठीच विणली, म्हटलं पुरुषाचं डोकं आहे.

ती टोपी तुम्ही घातलीत का हो?

असो. लिहायचं ते वेगळंच. फेब्रुवारीत शेगडीत लाकूड घालता घालता मर्ल खाली बसला तो उठलाच नाही. झटका मेंदूला आला. चालतो आता, काठी घेऊन. उजवा हात लोंबतो. त्याला कळतं सगळं, पण बोलणं गेलं. एकही शब्द येत नाही.

तेव्हा तो येणार नाही. पुन्हा फोन करू नका.

आर्डिस टॉलेफसन


पोर्ट अँजेलिस
३ मे

श्रीमती पास्क,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं. रडून लिहिलंत असं दिसतं, शाई पसरलीय. माझ्या नवऱ्यासाठी दुसरी बाई रडली हे वाचून मला काय वाटावं अशी तुमची अपेक्षा आहे?

तुमच्यात "तसलं काही" नव्हतं असं तुम्ही तीनदा लिहिलंय. एकदा लिहिलं असतंत तर मी विश्वास ठेवला असता. तरी ठेवते. मर्लला मी ओळखते, आणि त्याची पाठ किती दुखते तेही मला माहीत आहे.

पण मग तुम्ही पुढे जे लिहिलंत, त्यापेक्षा "तसलं" असतं तर बरं झालं असतं. म्हणे तो दिवसभर बोलतो. तो कामाला होता त्या गिरणीतल्या गोष्टी सांगतो, नकला करतो, मुकादम शिंकायचा कसा ते करून दाखवतो. आणि गातो! मर्ल? माझा मर्ल? चर्चमध्ये सगळे उभे राहून गातात तेव्हा हा बुटांकडे बघत उभा राहतो. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, बाई. माझ्या घरात हा माणूस "मीठ" म्हणतो आणि मी मीठ देते. "पाऊस" म्हणतो आणि मी कपडे आत घेते. सुरुवातीला नव्हता असा. मग झाला, आणि मला वाटलं, संपले असतील त्याच्याकडचे शब्द. संपले नव्हते. साठवून ठेवत होता, आणि फेरीबोटीत बसून तुमच्याकडे नेऊन ओतत होता.

मी पोरगी असल्यापासून लोकांचे केस कापत आलेय. खुर्चीत बसलं की माणूस बोलतो, कुणीही. मुके म्हणवणारे माझ्याशी बोललेत. आणि घरातला माणूस मला नाही बोलता करता आला. तुम्हाला आला. कसा, ते सांगू नका.

आर्डिस टॉलेफसन


पोर्ट अँजेलिस
२२ मे

श्रीमती पास्क,

सांगू नका लिहिलं होतं, पण आता एक विचारायची वेळ आलीय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

केंड्रा नावाची एक मुलगी मर्लला बोलायला शिकवायला येते. ती म्हणते, बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शिल्लक राहतं, डोक्यात त्याची जागा वेगळी असते म्हणे. तिने त्याला वाढदिवसाचं गाणं म्हणायला लावलं. त्याने भिंतीकडे बघितलं. तिने राष्ट्रगीत म्हटलं, मीही म्हटलं, छातीवर हात ठेवून. त्याने डोळे मिटले. केंड्रा मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांचं एखादं आवडतं गाणं असेल ना? घरात गुणगुणत असतील?"

मी म्हटलं, "आठवून सांगते."

काय सांगणार होते? सांगणार होते की ते पलीकडच्या देशातल्या एका बाईला माहीत आहे?

कुठलं गाणं ते कळवा. फक्त तेवढंच लिहा, बाकीचं नको.

आ. टॉ.


पोर्ट अँजेलिस
१० जून

श्रीमती पास्क,

आभार. तर ते गाणं असं आहे:

वर ये, वर ये, चपटे बाई,
खाली अंधारात मजा नाही.

त्याने स्वतः रचलेलं, मासा गळाला लागावा म्हणून म्हणायचं. हेही बरंच झालं म्हणायचं. चव्वेचाळीस वर्षांत मला एक ओळ नाही, आणि तळाशी लोळणाऱ्या, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेल्या माशासाठी दोन!

चाल तुम्ही फोनवर म्हणून दाखवायला तयार होतात. तुमच्या तोंडून नको, म्हणून मी माझ्या अंदाजाने लावली. मर्लच्या समोर बसून म्हटलं. त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता. पण त्याच्या चेहऱ्यावर काय आलं माहीत आहे? आपला खण कुणीतरी उघडून बघितल्यावर येतं ना, तसं. मग तो उठला आणि काठी आपटत मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला. तिथून सामुद्रधुनी दिसते आणि हवा स्वच्छ असली तर तुमचे डोंगरही. सबंध दुपार तो तुमच्या डोंगरांकडे बघत होता.

तुम्ही इकडे यायचं म्हणताय. येऊ नका. मी स्पष्ट लिहितेय, राग मानू नका किंवा माना. माझ्या दारात तुमचं पाऊल नको. तुम्हाला बघून तो बोलला तर मी काय करू? आणि नाही बोलला, तर तुम्ही रडाल, आणि मग तुम्हाला कॉफी करून द्यायची पाळी माझ्यावर.

आर्डिस टॉलेफसन


पोर्ट अँजेलिस
२७ जून

रोवेना पास्क,

काल मी एका गिऱ्हाइकाचे केस धूत होते तेवढ्यात मर्ल घरातून निघून गेला. पायात घरातल्या सपाता, डाव्या हातात काठी, आणि काखेत मासे पकडायची गळकाठी. उतारावरून एवढा लांब फेरीच्या धक्क्यापर्यंत तो कसा गेला देव जाणे. मी ओल्या हातांनी गल्लीभर हाका मारत फिरत होते आणि ती बाई डोक्याला साबण घेऊन माझ्या मागे.

फेरीवाले त्याला ओळखतात. पण पासपोर्ट नाही, तिकीट नाही. तिथला तपासणीचा अधिकारी, तरुण आहे, चांगला आहे, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. विचारलं, "काका, कुठे निघालात?"

आणि मर्ल बोलला.

धक्क्यावरून फोन आला तेव्हा "ते बोलत नाहीत, बसवून ठेवा" एवढं सांगून मी धावले, आणि तिथे पोचले तर तो अधिकारी खुशीत होता. म्हणाला, "काकू, तुम्ही सांगत होतात बोलत नाहीत म्हणून. अहो, बोलले की! अगदी स्पष्ट म्हणाले, रो."

फेब्रुवारीपासून त्याला घास मी भरवते. त्याच्या बुटाच्या नाड्या मी बांधते. तोंड पुसते, रात्री कूस बदलून देते. इतक्या महिन्यांनी त्याच्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो तुझं नाव. तोही माझ्यासमोर नाही, एका परक्या पोरासमोर.

मी हसले. "हो का, छान," म्हटलं. त्याला घरी आणलं. त्याच्या सपाता धुतल्या. मग बाथरूमचा नळ मोठा सोडून काय केलं ते तुला सांगायची गरज नाही.

तू जिंकलीस एवढंच कळवायचं होतं.

आर्डिस


पोर्ट अँजेलिस
८ जुलै

रोवेना,

तू माझं सांत्वन करायला निघालीस आणि जखमेवर मीठ चोळून बसलीस. "तो तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलायचा." ठीक. "तुमच्या हातच्या पावाचं कौतुक करायचा." ठीक. आणि मग: "नील्सबद्दल सांगताना तर त्याचे डोळे भरून यायचे."

नील्सचं नाव तू तुझ्या कागदावर लिहिलंस.

त्याच्याबद्दल तुला काय काय माहीत आहे? तो किती दिवस जगला, हे माहीत आहे? त्याच्या डोक्यावर जावळ कुठल्या रंगाचं होतं? ते बाळ माझं होतं. मी वाढवलं पोटात. दफन करून आलो त्या दिवशी मर्लने पाळणा उचलून गॅरेजमध्ये नेला, दार लावलं, आणि त्यानंतर या घरात ते नाव घेतलं नाही. मी एकदा घेतलं तर ताटावरून उठून गेला. मी समजले, याला सहन होत नाही. म्हणून मीही गप्प झाले. पुढे जोलीन झाली, मोठी झाली, लग्न होऊन स्पोकेनला गेली. तिला माहीतसुद्धा नाही की तिच्या आधी कुणी होतं. मर्लला त्रास नको म्हणून मी माझ्याच बाळाचं नाव गिळलं, रोवेना. आणि हा तुझ्या बोटीत बसून, गळाला हेरिंगचं आमिष लावता लावता, ते नाव घेत होता!

नवरा घेतला असतास तर भांडले असते. हे कशाने भरून देशील?

उत्तर लिहू नकोस.


पोर्ट अँजेलिस
१९ जुलै

रोवेना,

तू उत्तर लिहिलं नाहीस. बरं केलंस.

मर्ल खात नाहीये. दोनदा परत धक्क्यावर गेला. दुसऱ्यांदा पासपोर्ट घेऊन गेला, खणातून काढून. म्हणजे डोकं शाबूत आहे. जोलीन फोनवर म्हणाली, "आई, जाऊ दे ना त्यांना, काय बिघडतं?" तिला काय सांगू, काय बिघडतं ते.

पुढच्या शनिवारी मी त्याला घेऊन येतेय. ट्रक मी चालवीन. आता माझ्या अटी ऐक. बोटीवर मीही येणार. मला पाणी बाधतं, ओकारी होते, तरीही येणार. माझा परवाना मी काढणार, तुझ्या उपकारावर बसणार नाही. जेवण मी आणणार. आणि तू मला "डिअर" म्हणायचं नाही, पत्रात म्हणतेस तसं.

आर्डिस


पोर्ट अँजेलिस
२ ऑगस्ट

रोवेना,

तू म्हणशील, मी तर तिथेच होते, मला काय लिहून कळवतेस. पण तू सगळं पाहिलं नाहीस. नांगर काढायला तू पुढच्या टोकाला गेलीस आणि इंजिनाचा आवाज होता. म्हणून लिहितेय.

पहिल्यापासून सांगते, कारण पहिल्यापासूनचंही तुला माझ्या बाजूने माहीत नाही.

धक्क्यावर तू उभी होतीस. उंच, हाडकुळी, कमरेपर्यंत करडी वेणी, आणि डोक्यावर माझी निळी टोपी. भर जुलैत. मला ती ओढून काढावीशी वाटली. मर्ल माझा हात सोडून तुझ्याकडे निघाला. घरात न्हाणीपर्यंत जायला त्याला किती वेळ लागतो माहीत आहे? आणि त्या ओल्या फळ्यांवरून तो जवळजवळ धावला. पण तुझ्यापाशी पोचल्यावर तो थांबला नाही. पुढे जाऊन बोटीच्या कडेवर हात फिरवू लागला, घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा. तुझ्याआधी बोट. तेवढंच मला जरा बरं वाटलं.

खाडीतून बाहेर पडेपर्यंत मी ठीक होते. मग लांब, गुबगुबीत लाटा सुरू झाल्या आणि मी कडेला लटकले. तू नांगर टाकलास, गळ लावलास, शिशाचं वजन खाली सोडलंस. दोरी सुटतच होती, सुटतच होती. एवढ्या खोल जाऊन त्या माशाला कसला एकांत हवा असतो? मग तू मर्लशेजारी बसून ते गाणं म्हणालीस. आवाज चांगला आहे तुझा. माझी चाल साफ चुकलेली होती.

मर्ल दोरी चाचपत बसला.

तू पुन्हा म्हणालीस, त्याच्या गुडघ्यावर थाप मारून. तो पाण्याकडे बघत राहिला. तुझा चेहरा मी बघितला, रोवेना. तू "खोली किती आहे बघते" असं काहीतरी पुटपुटून केबिनमध्ये गेलीस. मला आनंद झाला. तोंडाला ओकारीचा वास, आणि आनंद! मनात म्हटलं, घे. आता तुला कळलं, समोर बसून गप्प बसलेला माणूस काय असतो.

मग गळकाठी वाकली.

मर्लने डाव्या हाताने धरली, उजवा तर कामाचाच नाही. रीळ फिरवायचं कुणी? मी रांगत गेले. "फिरव कसं ते दाखव," म्हटलं. त्याने माझा हात घेऊन मुठीवर ठेवला. खाली कुणीतरी घराचं दार बिजागरीतून काढून समुद्रात टाकलंय आणि आपण ते ओढतोय, असं ते वजन होतं. जरा वर आलं की पुन्हा खाली धाव घ्यायचं. माझ्या तोंडून जे जे निघालं ते तू केबिनमधून ऐकलंस, म्हणून बाहेर आलीस. "ये की मेल्या! आळशा! ढेरपोट्या! दोन्ही डोळे एकीकडे आणि अक्कल कुठेच नाही!" आणि मर्ल हसला. अर्ध्या तोंडाने, पण मोठ्याने. त्याचं हसणं मी विसरले होते. नाक फेंदारतं त्याचं.

मासा वर आला तेव्हा मी खरंच घाबरले. केवढा तो, तपकिरी, हिरव्या पाण्यात सतरंजी पसरल्यासारखा. आणि ते दोन डोळे सरळ माझ्याकडे. तू पाण्यातच माप लावलंस आणि म्हणालीस, "मापापेक्षा मोठा आहे. सोडायचा."

"सोडायचा?" मी म्हटलं. "अकरा वर्षं याने तुझ्याकडे मासे धरले. मी जन्मात एक धरला, तो सोडायचा?"

"मोठा ठेवता येत नाही, आर्डिस. कायदा आहे."

"तुझ्या देशाचा कायदा तुझ्यापाशी ठेव! कोण बघतंय इथे?"

"मी बघतेय. आणि ही मादी आहे. एवढी मोठी मादीच असते. हिच्या पोटात लाखांनी..."

"मला नको सांगूस पोटातलं!"

मी किंचाळलेच. मासा बोटीला अंग घासत होता. तुझे ओठ हलले, पण तू काही बोलली नाहीस, आणि त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. त्या क्षणी तू "सॉरी" म्हणाली असतीस तर मी मासा वर ओढायचा आकडा तुझ्यावरच उगारला असता.

तेव्हा मर्ल म्हणाला, "सोड."

तो कुणाला म्हणाला? तुला वाटलं तुला, म्हणून तू पकड घेऊन वाकलीस आणि गळ काढलास. मला वाटलं मला, कारण मी त्याची बाही मुठीत घट्ट धरून बसले होते. सोडली. मासा क्षणभर तसाच राहिला, सुटलाय हे कळलं नसावं. मग एक शेपटी मारली आणि गेला. हिरव्यातून काळ्यात. शेवटी पांढरी कड दिसली, मग तीही नाही.

आणि तू पुढे नांगर काढायला गेलीस.

मर्ल माझ्या शेजारी खोक्यावर बसला. पाण्याकडे बोट केलं. त्याचं तोंड नुसतंच उघडत-मिटत राहिलं, कपाळावर शीर उठली. मला वाटलं, पुन्हा झटका येतोय की काय. मी तुला हाक मारणार होते. तेवढ्यात तो म्हणाला,

"नील्स."

मी म्हटलं, "हो. नील्स."

"नील्स," तो पुन्हा म्हणाला.

"पिंगट जावळ होतं," मी म्हटलं. "तुझ्या आईसारखं."

त्याने मान हलवली. नाही म्हणाला. आणि डाव्या हाताने माझ्या डोक्याला, माझ्या केसांना हात लावला. माझे केस तेव्हा कसले होते, वाऱ्याने नुसतं घरटं झालेलं. पण त्याने धरून ठेवले. त्याच्या मते बाळाचं जावळ माझ्यासारखं होतं. एवढी वर्षं मी त्याच्या आईला श्रेय देत आलेय.

तू परत आलीस तेव्हा आम्ही दोघं रडत होतो, आणि तू समजलीस की मासा गेला म्हणून. "पुढच्या वेळी मापातला मिळेल," म्हणालीस. मी दुरुस्त केलं नाही. आता करतेय.

जाताना मी तुझा हात हातात घेतला नाही. मुद्दामच. पण जेवण मी आणणार म्हटलं होतं तरी तू केलेले ते सॅमन भरलेले बटाटे चांगले होते. कसे केलेस?

आर्डिस


पोर्ट अँजेलिस
२१ सप्टेंबर

रोवेना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्याने तुझ्या गाण्याला साथ दिली नाही म्हणून परतल्यावर तीन दिवस बोट बाहेर काढली नाहीस म्हणतेस. आणि पुढे ते एक वाक्य, ज्याच्यासाठी तू सबंध पत्र लिहिलंस. तो तुला आवडत होता, आणि त्याला कधी कळू दिलं नाहीस.

मला वाटलं होतं, हे वाचून मी पेटेन. जरा पेटलेही. मग कॉफी केली आणि पुन्हा वाचलं. मला आधीपासून माहीत होतंच की. भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी कोण घालतं?

मीही तुला काही सांगते. मागच्या आठवड्यात मर्लचे केस कापत होते. कात्री कानाशी असली की माणूस पळू शकत नाही. विचारलं, "तुझं रोवर प्रेम होतं का?" तो म्हणाला, "हो." मी मागचे केस कापून झाल्यावर पुन्हा विचारलं. म्हणाला, "नाही." मानेवरचे केस झटकताना परत विचारलं. "नाही. हो. नाही." केंड्राला सांगितलं तर ती म्हणते, इतक्यात त्यांच्या हो-नाहीवर जाऊ नका, या आजारात त्या दोन शब्दांची शेवटपर्यंत अदलाबदल होत राहते. म्हणजे बघ माझं नशीब! नवऱ्याला लांब वाक्य येत नाही, पण "अंडं करपलं" म्हणता येतं, कालच म्हणाला. आणि जे मला हवंय तेवढंच नेमकं गडबडीचं.

मला अजून जळायला होतं. ते जाईल असं मला वाटत नाही. तो मागच्या पायरीवर बसून तुमच्या डोंगरांकडे बघतो तेव्हा मी भांडी जोरात आपटते. पण आता तो बघून झालं की आत येऊन जेवतो.

शुक्रवारच्या फेरीने तो येतोय. एकटा. फेरीवाल्यांशी बोलले आहे, तो अधिकारीही आहे. वेळ तुला फोनवर कळवलीच आहे, तेव्हा तू व्हिक्टोरियाच्या धक्क्यावर वेळेवर उभी असशील, गर्दीत त्याला शोधत बसायला लावलं नसशील. हे पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात आहे, म्हणजे हे वाचतेयस तर तो तुझ्यासमोर पोचलाय. उजव्या बाहीचं बटण तो लावू देत नाही, तरी लाव. घास छोटे, आणि पाणी घाईने पिऊ देऊ नकोस, ठसका लागतो. काठी बोटीत आडवी ठेव, उभी ठेवलीस तर तो तिच्यावर भार देईल. अंगात जाड स्वेटर घालायला लाव. मापातला मासा मिळाला तर गालाचे तुकडे माझ्यासाठी ठेव. ते तुम्ही तिथेच खाऊन टाकता, हे मला आता कळलंय.

सोमवारी परत पाठव.

आणि तिथे तो काही बोलला, तर मला लिहून कळवू नकोस. एक शब्दही नको. मी त्याच्याकडूनच ऐकेन, कितीही वेळ लागला तरी.

आर्डिस